पिन कोड कसा फोडावा

34 वर्षं मी टपालाचं सॉर्टिंग केलं, त्यातली निम्मी रात्रपाळीत. समोर खणांची मांडणी, हातात पत्रांचा गठ्ठा आणि नजर पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर. नाव कोण वाचतो, गल्ली कोण वाचतो? सहा आकडे बघायचे आणि पत्र त्या खणात भिरकवायचं. रिटायर झालो तेव्हा पत्रं सुटली, आकडे काही सुटले नाहीत. आता मी पिन कोडचंच सॉर्टिंग करतो. खण तेवढे वेगळे: मूळ, संयुक्त, न्यून, विपुल, त्रिकोणी, हर्षद.

चाळीतली मुलं विचारतात, काका, हे करता कसं? म्हणून एकदा लिहूनच काढतो. साहित्य फार नाही: शंभर पानी वही, पेन्सिल आणि वाण्याकडे असतो तसला साधा कॅल्क्युलेटर. मोबाइलला विचारलं तर तो क्षणात सांगेल, पण मग शब्दकोडं सोडवायला तरी का बसायचं? उत्तर उद्याच्या पेपरात येतंच की.

आधी थोडी पार्श्वभूमी. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. योजना आपल्याच माणसाची, श्रीराम भिकाजी वेलणकरांची. संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारा हा माणूस टपालखात्यात अधिकारी होता. त्याआधी मुंबईत नुसते विभाग क्रमांक असत. दादर पूर्व म्हणजे मुंबई 14, पश्चिम म्हणजे मुंबई 28, आमचा डिलाईल रोड म्हणजे मुंबई 13. पिन कोड आला तेव्हा हेच क्रमांक शेवटी ठेवून पुढे 400 लावलं, मुंबई 13 चा 400013 झाला. जुनी माणसं अजूनही ‘मुंबई 13’ लिहितात आणि पत्र पोचतं.

पुढे 400 लावलं तर संख्येत असा काय फरक पडणार, असं मला वाटायचं. तिथेच माझी फसगत झाली, ती पुढे सांगतो.

कुठलीही संख्या ओळखायची तर पहिलं काम एकच, तिचे मूळ अवयव पाडणं. ते झालं की बाकीचं आपोआप निघतं, आणि ते न करता नुसतं तोंडाकडे बघून फार काही सांगता येत नाही. मूळ संख्या म्हणजे जिला 1 आणि ती स्वतः यांखेरीज कुणाचा भाग जात नाही ती. 2, 3, 5, 7, 11, 13 अशा. ज्यांना जातो त्या संयुक्त. 1 मूळही नाही आणि संयुक्तही नाही, त्याला कुठल्याच खणात टाकू नका.

2, 3, 4, 5, 9 यांच्या कसोट्या शाळेत झाल्यात, त्यावर वेळ घालवत नाही. 7, 11 आणि 13 ला मुलं घाबरतात. पण सहा आकडी संख्येसाठी, म्हणजे पिन कोडसाठी, या तिघांची एकच सोपी कसोटी आहे. पिन कोड मधोमध तोडा. जीपीओचा, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीचा घ्या, 400001. एकीकडे 400, दुसरीकडे 001. मोठ्यातून लहान वजा करा: 399. या 399 ला 7 ने भाग जातो, म्हणून 400001 लाही जातो. 399 ला 11 आणि 13 ने जात नाही, म्हणून तिकडेही नाही. कारण साधं आहे. 7, 11 आणि 13 चा गुणाकार 1001 येतो, आणि हजाराच्या घरातले 400 म्हणजे 1001 ची 400 पट वजा 400.

तशीच बेरजेचीही कसोटी आहे. 27 गुणिले 37 म्हणजे 999. दोन तुकड्यांची बेरीज करा. ग्रँट रोडचा 400007 घेतला तर 400 अधिक 7 म्हणजे 407, आणि 407 म्हणजे 37 × 11. तेव्हा 37 चा भाग 400007 लाही जाणार. 11 चा मात्र यावरून धरू नका, बेरजेची कसोटी फक्त 27 आणि 37 साठी (3 आणि 9 त्यात आलेच).

यापुढे मग भागाकारच करत बसावं लागतं: 17, 19, 23, 29... कुठवर? मुंबईकराला याचं उत्तर पाठ असावं: 631 पर्यंत. संख्येचे दोन अवयव पडले तर दोन्हीच्या दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. 632 चा वर्ग 399424 आणि 633 चा 400689, म्हणजे मुंबईचे सगळे पिन कोड या दोघांमध्ये येतात. 632 पर्यंत मूळ संख्या 115 आहेत. तेवढ्यांनी भाग गेला नाही तर पिन कोड मूळ.

115 भागाकार ऐकून हातपाय गाळू नका. सॉर्टरची युक्ती सांगतो. आम्ही पत्र दोनदा छाटायचो, आधी 400 वर आणि मग शेवटच्या तीन आकड्यांवर. इथेही तसंच करा. 400000 ला प्रत्येक मूळ संख्येने एकदाच भागा आणि बाकी वहीत लिहून ठेवा. एक रविवार जाईल, पण मग मुंबईतल्या कुठल्याही पिन कोडला तीच वही पुरते. उदाहरणार्थ, 400000 ला 71 ने भागलं तर बाकी 57. दादर पूर्वचे शेवटचे आकडे 14. 57 आणि 14, बरोब्बर 71! भाग गेला. 97 ची बाकी 69, दादर पश्चिमचे 28, बेरीज 97. गेला. 19 ची बाकी 12, ग्रँट रोडचे 7, बेरीज 19. हाही गेला. नुसत्या बेरजा करायच्या. एका पिन कोडला मला आता दहा-बारा मिनिटं लागतात.

आता माझी फजिती. वही झाली तेव्हा पहिला पिन कोड अर्थातच स्वतःचा घेतला, 400013. बेरजा करत 599 पर्यंत आलो, एकही लागला नाही. चहा गार झाला होता. म्हटलं, एवढ्यांनी गेला नाही तर आता कोण जातंय? ‘मुंबई 13’ मूळ, 400013 ही मूळ, ठरलं. त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या फळ्यावर रोज एक सुविचार आणि एक कोडं असायचं. मी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आपला पिन कोड ही मूळ संख्या आहे.’ दोन दिवस लोक वाचून माना डोलवत होते.

तिसऱ्या दिवशी आरतीनंतर दुसऱ्या माळ्यावरची एक मुलगी आली. नववीतली. म्हणाली, “काका, 633 चा वर्ग करा.”

“400689,” मी म्हटलं. तो पाठच होता.

“त्यातून आपला पिन कोड वजा करा.”

केला. 676.

“676 म्हणजे 26 चा वर्ग. मग 633 वजा 26 आणि 633 अधिक 26.”

607 आणि 659. गुणाकार 400013. फळ्यासमोर पाच-सात जण उभे होते, सगळ्यांच्या देखत मी तो पुसला.

599 नंतर तपासायच्या सहाच राहिल्या होत्या: 601, 607, 613, 617, 619, 631. त्यातली दुसरीच लागायची होती. वहीत 607 समोर बाकी 594 लिहिलेली, तिच्यात 13 मिळवायचे फक्त राहिले होते. तेव्हा सांगतो ते नीट ऐका. सीमेपर्यंत जायचं म्हणजे सीमेपर्यंत जायचं. शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे गाडी रिकामी दिसते म्हणून कुणी उतरत नाही.

त्या मुलीने वापरलं ते शाळेतलंच सूत्र, दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. मला नंतर वाचताना कळलं की नारायण पंडितांनी 1356 सालच्या गणितकौमुदीत विषम संख्येचे अवयव पाडायला हीच रीत दिली आहे. फ्रान्समध्ये फर्माने ती 17व्या शतकात मांडली आणि जगात नाव त्याचं झालं. रीत अशी: संख्येच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग घ्या, त्यातून संख्या वजा करा, उरलं ते पूर्ण वर्ग आहे का बघा. नसेल तर पुढचा वर्ग घ्या. दोन अवयव एकमेकांच्या जवळचे असतील तर उत्तर झटकन येतं. दूर असतील तर ही रीत दमवते. म्हणून मी आता आधी या रीतीने पाच-सहा पायऱ्या करून बघतो, आणि मगच वही उघडतो. 400013 ला भागाकाराच्या वाटेने 111 वी मूळ संख्या गाठावी लागते. या वाटेने पहिल्याच पायरीत काम.

उलट प्रकार जीपीओचा. तिथे 7 लगेच मिळतो आणि उरतात 57143. मग उरलेल्याची नवी सीमा काढायची, 239 चा वर्ग 57121, म्हणजे 239 पर्यंत. आता फसायचं नाही ठरवलं होतं, तेव्हा एकेक करत गेलो. 239 नेही भाग गेला नाही, 22 उरले. 57143 मूळ निघाली. तेव्हा 400001 = 7 × 57143, संपलं. गोल घुमटाच्या धर्तीवरची ती 1913 सालची भव्य इमारत, आणि पिन कोडचे अवयव दोनच.

अवयव पडले की विभाजक मोजा. प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा आला त्यात 1 मिळवा आणि गुणाकार करा. दादर पूर्व: 400014 = 2 × 3 × 3 × 71 × 313. दोन एकदा, तीन दोनदा, बाकीचे एकेकदा. म्हणून 2 × 3 × 2 × 2, विभाजक 24. दादर पश्चिम: 400028 = 2 × 2 × 97 × 1031. म्हणून 3 × 2 × 2, विभाजक 12. पूर्वेला दुप्पट.

मग न्यून की विपुल ते ठरवायचं. संख्येचे स्वतःला सोडून सगळे विभाजक मिळवायचे. बेरीज संख्येपेक्षा कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल, नेमकी तेवढीच आली तर परिपूर्ण. 24 विभाजक एकेक लिहायची गरज नाही. प्रत्येक मूळ अवयवासाठी 1 पासून त्याच्या घातांची बेरीज करा आणि त्या बेरजांचा गुणाकार करा. पूर्वेसाठी (1+2), (1+3+9), (1+71), (1+313), म्हणजे 3 × 13 × 72 × 314 = 881712. त्यातून 400014 वजा केले की 481698. संख्येपेक्षा जास्त, दादर पूर्व विपुल. पश्चिमेसाठी 7 × 98 × 1032 = 707952, वजा 400028, उरले 307924. दादर पश्चिम न्यून. हे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मोठ्याने बोलू नका.

पश्चिमेच्या लोकांची समजूत मी अशी घालतो की पिन कोड येण्याआधी ते मुंबई 28 होते, आणि 28 ही परिपूर्ण संख्या आहे: 1 + 2 + 4 + 7 + 14. तेव्हा पूर्वेचे 14 न्यून होते, 1 + 2 + 7 म्हणजे दहाच. पुढे 400 लागलं आणि पारडं फिरलं. जुन्या क्रमांकात दुसरा परिपूर्ण म्हणजे 6, मलबार हिलचा. आता मात्र कुणालाच आशा नाही. 6, 28, 496, 8128 यांच्यानंतरची परिपूर्ण संख्या थेट 33550336 आहे, आठ आकडी. सहा आकड्यांत एकही नाही. तेव्हा देशातला कुठलाच पिन कोड परिपूर्ण नाही.

घाईत असाल तर एक आडवाट: संख्येला 6 ने भाग जात असेल आणि ती 6 पेक्षा मोठी असेल, तर ती विपुलच. बेरीज करायलाच नको.

जोडमूळ संख्या म्हणजे ज्यांच्यात दोनचंच अंतर आहे अशा दोन मूळ संख्या. 11 आणि 13, 17 आणि 19. मुंबईत वडाळ्याचा 400031 मूळ आहे आणि काळाचौकी-कॉटन ग्रीनचा 400033 ही मूळ. दोन्ही मी 631 पर्यंत तपासलेत, दोनदा. 3 आणि 5 ही जोडी सोडली तर जोडमूळ संख्यांच्या मधल्या संख्येला नेहमी 6 चा भाग जातो. लागोपाठच्या तीन संख्यांपैकी एकीला 3 ने भाग जाणारच, कडेच्या दोघी मूळ, म्हणजे मधलीलाच तो जाणार. आणि सम तर ती आहेच. इथे मधला पिन कोड कुणाचा? 400032, मंत्रालय. 2 चा पाचवा घात, 3 चा तिसरा घात आणि 463. विभाजक 6 × 4 × 2, म्हणजे 48. दोन्हीकडे कुणाला भाग न देणारे वडाळा-काळाचौकीवाले आणि मधे 48 वाटेकरी. मी काही बोलत नाही.

आतापर्यंतचे सगळे गुण संख्येच्या अंगचे आहेत. ती देवनागरीत लिहा, रोमन लिपीत लिहा, नाहीतर तेवढे चणे मोजून ठेवा, मूळ ती मूळच. दुसऱ्या प्रकारचे गुण मात्र तिच्या कपड्यांचे असतात, म्हणजे ती दहाच्या पटीत लिहिली म्हणून दिसणारे. मुलं या दोन्हींची गल्लत करतात, म्हणून वहीत मी दोन वेगळी पानं ठेवतो.

कपड्यांच्या गुणांचे महाराज म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. 1905 साली डहाणूत जन्म, आणि 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर. त्यांनी हर्षद संख्या सांगितल्या. हर्ष देणारी ती हर्षद. आकड्यांची बेरीज करा, तिने संख्येला भाग गेला तर हर्षद. 400014 ची बेरीज 9, भाग जातो, हर्षद. मंत्रालयाची बेरीजही 9, तेही हर्षद (यावर चाळीत एकमत झालेलं नाही). 400028 ची बेरीज 14, भागून 6 उरतात, नाही. दादर पश्चिमेचं इथेही जमलं नाही. पण हाच 400014 आठाच्या पटीत (म्हणजे एकं, दहं, शतं ऐवजी 1, 8, 64 अशी घरं धरून) लिहिला तर 1415216 असा दिसतो, आकड्यांची बेरीज 20, आणि 20 चा भाग जात नाही. शर्ट बदलला, हर्ष गेला. विपुल मात्र तो तसाच राहतो. कापरेकरांच्या आणखी एका प्रकारच्या, डेमलो संख्यांचं नाव तर चक्क मुंबईपासून 30 मैलांवरच्या जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेच्या एका स्टेशनावरून आलंय, कारण ती कल्पना त्यांना तिथे सुचली. लोकलची वाट बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

राहिल्या आकृतीच्या संख्या. 1, 3, 6, 10 या त्रिकोणी, म्हणजे 1 पासून ओळीने केलेल्या बेरजा. ओळखायची युक्ती: संख्येची आठपट करून 1 मिळवा, पूर्ण वर्ग आला तर त्रिकोणी. मुंबईत असा मला एकच सापडला, गोरेगावच्या आरे कॉलनीचा 400065. आठपट अधिक 1 म्हणजे 3200521, आणि तो 1789 चा वर्ग. याचा अर्थ 1 पासून 894 पर्यंत बेरीज केली की आरे कॉलनी येते. पहिल्या रांगेत एक झाड, दुसऱ्या रांगेत दोन असं लावत गेलात तर 894 व्या रांगेला पिन कोड पुरा होतो. शिवाय आकड्यांची बेरीज 15 आणि तिचा भागही जातो, म्हणजे हर्षदही.

पूर्ण वर्ग मात्र मुंबईच्या नशिबात नाही. 399424 अलीकडे राहिला, 400689 पलीकडे गेला, मधे 400104 पर्यंत शोधलं तरी काही नाही. तीन वर्षांपूर्वी मुलाने डोंबिवली पूर्वेला जागा घेतली. मला ते रुचलं नव्हतं. सामान बांधताना खोक्यांवर पत्ता घालायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या खोक्यावर मार्करने 421201 लिहिलं आणि सवयीने मधोमध तोडलं: 421 वजा 201, 220. म्हणजे 11 ने जातो. भागून 38291. पुन्हा 11 ने बघितलं, गेला, 3481. तिथे जरा थांबलो, कारण 60 चा वर्ग 3600 आणि हे त्याच्या जरासंच अलीकडे. 59 गुणिले 59. म्हणजे 11 दोनदा, 59 दोनदा, विभाजक 3 × 3, नऊ. विभाजक मोजून विषम भरले की संख्या पूर्ण वर्गच असते. 649 × 649.

दुसऱ्या खोक्यावर मी पिन कोडच्या जागी 649 लिहून वर बारीक 2 काढला. सूनबाईंनी तो पुसायला लावला.